शाईखालच्या ओळी

१९४५ च्या सप्टेंबरमध्ये जपानमधल्या शाळा पुन्हा भरू लागल्या, तेव्हा मुलांकडे नवी पुस्तके नव्हती. युद्धात सगळ्याचाच तुटवडा झाला होता, कागदाचाही. मग जुन्याच पुस्तकांवर भागवायचे ठरले आणि शिक्षण मंत्रालयाचा आदेश आला, की युद्धाचा गौरव करणारा मजकूर काढून टाका. वर्गात शिक्षक पान सांगत, ओळ सांगत आणि मुले कुंचला शाईत बुडवून ती ओळ काळी करत. कुठे एक शब्द, कुठे परिच्छेद, कुठे चित्रासकट अख्खे पान. शाई पातळ पडली की खालची अक्षरे दिसत राहायची, मग त्यावर पुन्हा एक हात. काही महिन्यांपूर्वी हेच शिक्षक याच ओळी मुलांकडून घोकून घेत होते.

त्या मुलांच्या मनात तेव्हा काय आले असेल, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ओळ चुकीची होती एवढे त्यांना कळले. पण ती का चुकीची, कोणी लिहिली, कशासाठी लिहिली आणि आपल्या गुरुजींनी ती इतकी ठासून का शिकवली, हे सांगायला कोणी नव्हते. काल जे पाठ करायचे ते आज पुसायचे, दोन्ही वेळा वरून हुकूम आला म्हणून. आणि हे एकट्या जपानी मंत्रालयाचे नव्हते. त्याच महिन्यात जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी लष्करी प्रशासनाने वृत्तपत्रांवर निर्बंध घातले आणि हिरोशिमा-नागासाकीच्या होरपळीच्या हकिकती त्यांत दडपल्या गेल्या. खोटे खोडणे वेगळे आणि खरे सांगणे वेगळे. पहिल्याला एक आदेश पुरतो. दुसऱ्याला माणसे लागतात, आणि त्यांना बहुतेक वेळा किंमत मोजावी लागते.

मी हे लिहितो आहे ते एका जुन्या टोमण्याला उत्तर म्हणून. इतिहासकार युद्धाविरुद्ध पत्रक काढतात, पाठ्यपुस्तकातल्या काटछाटीविरुद्ध सह्या करतात, कोर्टात साक्षीला उभे राहतात, तेव्हा त्यांना ऐकवले जाते, ‘तुम्ही इतिहास लिहा, राजकारण करू नका.’ ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. इतिहासकाराने तटस्थ असावे, भूतकाळाकडे थंड डोक्याने बघावे, हे कोण नाकारेल? पण या टोमण्याचा इतिहास तपासला तर तो फार एकतर्फी निघतो. माझे म्हणणे असे, की इतिहासकाराने बाहेर पडलेच पाहिजे. मात्र बाहेर पडताना पुरावा तपासायची चाळणी घरी ठेवून येता कामा नये. ती विरोधकासाठी जेवढी बारीक, तेवढीच स्वतःच्या बाजूसाठीही असली पाहिजे.

जपानी इतिहासकार साबुरो इएनागा हे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. जन्म १९१३ चा. युद्धाच्या काळात ते शिकवत होते. सम्राटाच्या दैवी वंशाच्या कथा इतिहास म्हणून वर्गात सांगितल्या जात होत्या आणि आपले विद्यार्थी आघाडीवर जात होते, तेव्हा आपण गप्प बसलो, ही टोचणी त्यांना जन्मभर राहिली. युद्धानंतर त्यांनी माध्यमिक शाळांसाठी जपानच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तक लिहिले. १९६० च्या दशकात मंत्रालयाच्या छाननीत ते अडकले. आक्षेप काय होते? युद्धाचे चित्र फार काळवंडलेले आहे. बेचिराख हिरोशिमाची, जायबंदी सैनिकाची छायाचित्रे नकोत. ‘अविचारी युद्ध’ हा शब्दप्रयोग नको. म्हणजे आता शाईही लागत नव्हती, ओळ छापण्याआधीच गाळायची सोय झाली होती.

इएनागा कोर्टात गेले. पहिला दावा १९६५ मध्ये, दुसरा १९६७ मध्ये, तिसरा १९८४ मध्ये. शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ऑगस्ट १९९७ मध्ये, बत्तीस वर्षांनी. हा पूर्ण विजय नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवे. पाठ्यपुस्तकांची सरकारी छाननी घटनेत बसते, हेच न्यायालयाने कायम केले. बहुतेक मुद्द्यांवर इएनागा हरले. पण चीनमध्ये जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या जपानी लष्कराच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीचा उल्लेख मंत्रालयाने काढायला लावला, ते बेकायदेशीर होते, असे न्यायालय म्हणाले. भरपाई मिळाली चार लाख येन. बत्तीस वर्षांच्या खटल्याच्या मानाने ही रक्कम काहीच नाही. तरी त्या बत्तीस वर्षांत जे घडले त्याचे मोल मला निकालापेक्षा अधिक वाटते. त्यांच्या पाठीशी देशभर शिक्षक, पालक, अभ्यासक उभे राहिले. इतिहासकार साक्षीला आले आणि भर कोर्टात पुराव्यांचे कागद मांडले गेले. जे मंत्रालय बंद दाराआड एका वाक्यात निकालात काढत होते, त्यावर चव्हाट्यावर तपशीलवार बोलावे लागले. एका शिक्षकाच्या पश्चात्तापातून देशाची उलटतपासणी उभी राहिली.

आता त्या टोमण्याकडे येऊ. ‘राजकारण करू नका’ हे कोणाला सांगितले जाते आणि कोणाला नाही?

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, ४ ऑक्टोबर १९१४ रोजी जर्मनीतल्या ९३ नामवंतांचे एक पत्रक निघाले. बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने अत्याचार केल्याच्या बातम्या जगभर गेल्या होत्या. लूव्हेन शहरातले विद्यापीठाचे ग्रंथालय ऑगस्टअखेर जळून गेले होते आणि त्यासोबत जवळपास तीन लाख ग्रंथ. पत्रकात परिच्छेदामागून परिच्छेद ‘हे खरे नाही’ या शब्दांनी सुरू होतो. सह्या करणाऱ्यांत प्राचीन इतिहासाचे मोठे अभ्यासक एडुआर्ड मायर होते, कार्ल लाम्प्रेख्ट होते. यांतल्या कोणी बेल्जियमला जाऊन साक्षी घेतल्या होत्या? अनेकांनी तर मजकूर न वाचताच होकार कळवला होता, हे पुढे उघड झाले. आयुष्यभर ज्यांनी विद्यार्थ्यांना मूळ साधन पाहिल्याशिवाय लिहू नका म्हणून सांगितले, त्यांनी स्वतःच्या सरकारसाठी न पाहता सही केली. त्यांना त्या वेळी कोणीही राजकारण करू नका असे म्हटले नाही. त्याला देशकर्तव्य म्हटले गेले.

समोरच्या बाजूलाही फार वेगळे नव्हते. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिथल्या सरकारी प्रचार समितीने १९१८ मध्ये काही रशियन कागदपत्रे प्रसिद्ध केली. रशियात सत्तेवर आलेले बोल्शेविक, म्हणजे कम्युनिस्ट, हे जर्मनीचे पगारी हस्तक आहेत, असे त्यांतून सिद्ध होत होते. कागद अस्सल आहेत का, हे तपासायला दोन अभ्यासक नेमले गेले. त्यांतले जे. फ्रँकलिन जेम्सन हे अमेरिकेतल्या सर्वांत प्रतिष्ठित इतिहासविषयक नियतकालिकाचे संपादक. थोड्या दिवसांत तपासणी उरकली आणि बहुतेक कागद खरे असल्याचा दाखला मिळाला. ते बनावट होते. १९५६ मध्ये अमेरिकी मुत्सद्दी आणि इतिहासकार जॉर्ज केनन यांनी ते सविस्तर सिद्ध केले, तोवर अडतीस वर्षे उलटून गेली होती.

म्हणून मला वाटते, इतिहासकारांच्या हातून घडलेल्या सर्वांत लाजिरवाण्या चुका रस्त्यावर उतरल्यामुळे झालेल्या नाहीत. त्या सत्तेच्या दिवाणखान्यात बसल्यामुळे झाल्या. सरकारच्या बाजूने सही केली की ती सेवा, विरुद्ध केली की राजकारण, असा हा हिशेब आहे. तो मान्य करायचे कारण नाही.

याच काळातला आंरी पिरेन मला जवळचा वाटतो. बेल्जियमचा हा मध्ययुगाचा इतिहासकार आणि लाम्प्रेख्ट यांची जुनी मैत्री होती. सहीनंतर ती उरली नाही. पिरेनचा एक मुलगा १९१४ च्या लढाईत गेला. ताबा घेतलेल्या जर्मनांना गेंट विद्यापीठ आपल्या अटींवर पुन्हा उघडायचे होते, त्याला पिरेनने साथ दिली नाही. मार्च १९१६ मध्ये त्याला अटक करून जर्मनीत नेले. होल्झमिंडेनच्या छावणीत तो रशियन कैद्यांना इतिहास शिकवत असे. पुढे एका खेड्यात स्थानबद्ध असताना त्याने युरोपचा इतिहास लिहायला घेतला, हाताशी ग्रंथ नाहीत, टिपणे नाहीत, नुसत्या आठवणीवर. इथपर्यंत हे सगळे वीरगाथेसारखे वाटेल. पण १९२३ मध्ये ब्रुसेल्सला इतिहासकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, पिरेनने तिथे राष्ट्राभिमानाच्या आंधळेपणावर उतारा म्हणून तुलनात्मक इतिहासाची बाजू मांडली, आणि त्याच परिषदेला जर्मन इतिहासकारांना बोलावणे नव्हते. ज्याचा मुलगा युद्धात गेला, ज्याने कैद भोगली, त्याला मी दोष कोणत्या तोंडाने देऊ? पण ही विसंगती लपवून पिरेनची गोष्ट सांगायची नाही, एवढे तरी मी त्याच्याच विद्येकडून शिकलो आहे.

विद्या आणि चळवळ एकमेकांत कशी मिसळावी याचा नमुना पाहायचा तर फ्रेंच इतिहासकार पियेर विदाल-नाके यांच्याकडे पाहावे. विषय प्राचीन ग्रीस. १९५७ मध्ये वय सत्तावीस. त्या वर्षी ११ जूनला फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियात, अल्जिअर्समध्ये फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी मोरीस ओदँ नावाच्या गणिताच्या तरुण अध्यापकाला घरातून उचलले. पंचवीस वर्षांचा, तीन मुलांचा बाप, अल्जीरियाच्या स्वातंत्र्याचा पाठीराखा. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. लष्कराने सांगितले, की २१ जूनच्या रात्री जीपमधून नेताना वळणावर गाडी हळू झाली तेव्हा तो उडी मारून पळाला. हातात बेड्या नव्हत्या, सोबतच्या सार्जंटने गोळ्या झाडल्या, पण तो निसटला. त्याची पत्नी जोझेत हिला हे पहिल्यापासून पटले नाही. जो निसटला तो बायकोमुलांना एक चिठ्ठीसुद्धा पाठवत नाही?

त्या डिसेंबरात सॉरबोन विद्यापीठात ओदँचा प्रबंध परीक्षकांपुढे आला. उमेदवार हजर नव्हता. दुसऱ्या प्राध्यापकाने प्रबंध मांडला आणि बेपत्ता माणसाला गणिताची डॉक्टरेट दिली गेली.

विदाल-नाके यांनी सभेत भाषण ठोकण्याऐवजी वेगळे केले. त्यांनी लष्कराचा जबाब हातात घेतला आणि एखादा प्राचीन शिलालेख वाचावा तसा वाचला. कोणता साक्षीदार कुठे होता, कोणती वेळ कोणत्या वेळेशी जुळत नाही, कोण कोणाला कधी भेटले असे म्हणतो आणि दुसरा काय म्हणतो. या मेहनतीचे छोटेखानी पुस्तक मे १९५८ मध्ये आले. पलायन हा रचलेला देखावा होता आणि ओदँ सैनिकांच्या ताब्यातच मेला, असा त्याचा निष्कर्ष होता. अल्जीरियातल्या युद्धात लढायला नकार देणाऱ्यांच्या पाठिंब्याचे १२१ जणांचे पत्रक १९६० मध्ये निघाले, त्यावरही त्यांची सही होती आणि त्यासाठी ते नोकरीतून निलंबित झाले. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जोझेत ओदँच्या घरी जाऊन सरकारची जबाबदारी मान्य केली ती १३ सप्टेंबर २०१८ रोजी. एकसष्ट वर्षे गेली. विदाल-नाके २००६ मध्येच वारले होते.

याच माणसाचे आईवडील आउश्वित्झला नेले गेले आणि परत आले नाहीत. पुढे नाझी छावण्यांत माणसे मारणाऱ्या गॅसच्या कोठड्या नव्हत्याच असे म्हणणारे लोक फ्रान्समध्ये निघाले, तेव्हा विदाल-नाके यांनी त्यांच्याही लिखाणाची तशीच चिरफाड केली. शिव्या न देता, कागद मांडून. पण असे लिहिणाऱ्यांना शिक्षा करणारा कायदा १९९० मध्ये आला, तेव्हा मात्र त्यांनी त्याला विरोध केला. ऐतिहासिक सत्य एकदा का फौजदारी कलमाच्या आधाराला गेले, की ते सरकारचे सत्य होऊन बसते, अशी त्यांची भूमिका होती. ज्याचे आईवडील त्या कोठड्यांत गेले त्याने हे म्हणावे, यासाठी केवढा आवाका लागत असेल! माझे स्वतःचे मन इथे अजून पुरते स्थिर नाही. द्वेष पसरवणाऱ्याला मोकळे सोडावे असे मला वाटत नाही. पण २०१८ मध्ये पोलंडने काय केले ते पाहिल्यावर विदाल-नाके यांची भीती समजते. नाझींच्या गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, असा कायदा तिथे झाला. जगभरातून टीका झाल्यावर काही महिन्यांत त्यातली कैद काढावी लागली. पण २०२१ मध्ये यान ग्राबोव्स्की आणि बार्बरा एंगेलकिंग या दोन इतिहासकारांना एका गावच्या मृत सरपंचाबद्दल लिहिल्यावरून, या कायद्याखाली नव्हे पण बदनामीच्या दिवाणी दाव्यात, खालच्या कोर्टाने माफी मागायला सांगितलेच. वरच्या कोर्टाने त्याच वर्षी तो निकाल फिरवला. सत्याच्या रक्षणासाठी कोर्टकचेरी म्हणून सांगितले जाते, आणि तिची झळ बसते ती अभ्यासकाला.

आता सर्वांत अवघड प्रश्न. एकेका इतिहासकाराने बोलावे हे ठीक, पण त्यांच्या व्यावसायिक संस्थेने बोलावे का? अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन ही १८८४ मध्ये स्थापन झालेली संस्था या प्रश्नाशी साठ वर्षे झुंजते आहे. डिसेंबर १९६९ च्या वॉशिंग्टनच्या सभेत व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या ठरावावरून वातावरण इतके तापले, की युद्धविरोधी इतिहासकार हॉवर्ड झिन आणि चीनच्या इतिहासाचे अभ्यासक जॉन फेअरबँक यांच्यात ध्वनिक्षेपकावरून ओढाताण झाली. ठराव पडला. २००३ मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर इतिहासकारांचा एक युद्धविरोधी गट उभा राहिला आणि २००७ मध्ये इराक युद्ध लवकर संपवावे असा ठराव संस्थेच्या सभासदांनी मोठ्या बहुमताने मंजूर केला. त्या ठरावाची कारणे वाचण्यासारखी आहेत. परदेशी अभ्यासकांना प्रवेश नाकारणे, आधी खुले असलेले कागद पुन्हा गोपनीय करणे, युद्धामागची खरी कारणे शोधणाऱ्यांवर इतिहासाची मोडतोड केल्याचा आरोप करणे. हे सगळे इतिहासकाराच्या धंद्यावर थेट घाव घालणारे आहे, म्हणून आम्ही बोलतो, अशी ती मांडणी होती.

जानेवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत गाझातल्या शाळा, विद्यापीठे, ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांच्या विध्वंसाचा निषेध करणारा ठराव ४२८ विरुद्ध ८८ मतांनी संमत झाला. दोन आठवड्यांच्या आत संस्थेच्या कार्यकारी मंडळाने तो रद्द केला. कारण दिले, की हे संस्थेच्या उद्दिष्टांच्या कक्षेबाहेरचे आहे.

मंडळाच्या बाजूने जे बोलले गेले ते मी हलके मानत नाही. संस्था सर्व मतांच्या सभासदांची असते. सभेला आलेले काहीशे लोक हजारोंच्या वतीने बोलू शकतात का? उद्या दुसऱ्या बाजूचे बहुमत झाले तर? शिवाय मतदानाने सत्य ठरत नाही, हे तर मी वर स्वतःच सांगितले, ९३ सह्यांच्या निमित्ताने. म्हणूनच कोणत्या देशाने कोणाशी तह करावा, कोणत्या पक्षाला मत द्यावे, यावर इतिहासकारांच्या संस्थेने ठराव करू नयेत, असे मलाही वाटते. त्या बाबतीत त्यांचे ज्ञान इतर नागरिकांपेक्षा जास्त असेलच असे नाही. पण अभिलेखागार जळते तेव्हा कक्षेबाहेरचे काय उरते? त्याच संस्थेने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील रशियन आक्रमणाचा निषेध केला होता, इतिहासाच्या विपर्यासाचा मुद्दा घेऊनच. तो निषेध योग्य होता. मग कागद जळतात तेव्हा ते कोणाचे आहेत हे बघून कक्षा ठरवायची का? मंडळाचा निर्णय चुकला, असे माझे मत आहे.

आणि इतिहासाचा अभ्यास कधी तरी राजकारणापासून सोवळा होता, हा समज तर सोडूनच द्यावा. जॉन होप फ्रँकलिन १९३९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या अभिलेखागारात संशोधनाला गेले, तेव्हा कृष्णवर्णीय अभ्यासक तिथे येईल अशी कल्पनाच इमारत बांधताना कोणी केलेली नव्हती. त्यांना काही दिवस थांबायला सांगून वेगळी खोली तयार करण्यात आली. गोऱ्या नोकरांना त्यांच्यासाठी कागद आणून द्यावे लागू नयेत म्हणून दफ्तराच्या दालनाची किल्लीच त्यांना दिली. मग गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली, की आम्हाला किल्ली नाही, हा भेदभाव आहे, आणि किल्ली काढून घेतली गेली. कागदापर्यंत कोणाचा हात पोहोचतो हाच पहिला राजकीय प्रश्न. हेच फ्रँकलिन पुढे शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या खटल्यासाठी ऐतिहासिक पुरावे गोळा करणाऱ्यांत होते, आणि १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठीच्या माँटगोमेरीच्या मोर्चात इतर इतिहासकारांबरोबर चालले.

या सगळ्याचा शेवटी कस लागतो तो वर्गात. प्रामाणिक इतिहास शिकवणे म्हणजे आपल्या पूर्वजांना शिव्या घालायला शिकवणे, असा एक गैरसमज मुद्दाम पसरवला जातो. पालकांची काळजी मी समजू शकतो. मुलाने घरी येऊन आपले सगळे पूर्वज वाईट होते म्हणावे असे कोणाला वाटेल? पण मुले आपल्याला वाटतात त्यापेक्षा कणखर असतात. एखादा माणूस एका बाबतीत थोर आणि दुसऱ्या बाबतीत क्रूर होता, हे त्यांना पचते. घरात, नात्यात त्यांनी हे रोजच पाहिलेले असते. पचत नाही ती लपवाछपवी. मोठेपणी खरे कळले की त्यांचा पुस्तकावरचाच विश्वास उडतो, आणि मग जो कोणी मोठ्याने ओरडेल त्याच्या मागे ती जातात.

फ्रान्स आणि जर्मनी, सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांच्या उरावर बसलेले देश, यांनी उच्च माध्यमिक वर्गांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक दोन भाषांत काढले. पहिला भाग २००६ मध्ये आला. कल्पना मंत्र्यांची नव्हती. २००३ मध्ये दोन्ही देशांतली तरुण मुले एकत्र जमली होती, तिथून ती आली. पश्चिम जर्मनी आणि पोलंडच्या इतिहासकारांचा पाठ्यपुस्तकांवरचा संयुक्त आयोग सुरू झाला १९७२ मध्ये, शीतयुद्ध चालू असताना. अशी कामे वर्षानुवर्षे चालतात, एका विशेषणावर आठवडा जातो, आणि त्यांची बातमी होत नाही.

पण मला सर्वांत हलवून टाकणारा प्रयोग वाटतो तो इस्रायली आणि पॅलेस्टिनी शिक्षक-इतिहासकारांचा. सामी अदवान आणि दान बार-ओन यांच्या पुढाकाराने २००२ च्या सुमारास, म्हणजे रक्तपात चालू असतानाच, तो सुरू झाला. त्यांच्या लक्षात आले, की एकच कहाणी लिहायची वेळ अजून आलेली नाही. तेव्हा त्यांनी पान तीन भागांत विभागले. एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी कथन, आणि मधला रकाना कोरा. इस्रायलच्या स्थापनेचे १९४८ चे साल एकीकडे स्वातंत्र्ययुद्ध, दुसरीकडे महासंकट. मधल्या रकान्यात विद्यार्थ्याने स्वतः लिहायचे. दोन्हीकडच्या शिक्षण खात्यांनी या पुस्तकाला वर्गात जागा दिली नाही. शत्रूंचे एका गोष्टीवर एकमत झाले, ते कोऱ्या रकान्याच्या भीतीवर. त्यांच्या दृष्टीने भीती रास्तही म्हणावी लागेल, कारण जे मूल दोन कथने शेजारी ठेवून मध्ये पेन्सिलीने काही लिहू लागते, त्याला पुढे युद्धासाठी उठवणे कठीण जाते.

यातून एक मागणी निघते आणि ती कुठल्याही देशात करता येईल. पाठ्यपुस्तकात बदल व्हायला हरकत नाही, नवे संशोधन आले की व्हायलाच हवेत. पण कोणती ओळ काढली, कोणी सुचवले, कोणत्या पुराव्यावर, हे बदलासोबत जाहीर झाले पाहिजे. काढलेली ओळ आणि काढण्याचे कारण शिक्षकाला वर्गात वाचून दाखवता आले पाहिजे, आणि त्यासाठी त्याची नोकरी धोक्यात येता कामा नये. इतिहासकारांच्या संस्थांनी सर्व शक्ती इथे लावावी. पत्रके काढणे सोपे असते. एकट्या पडलेल्या शिक्षकामागे वकील उभा करणे, त्याच्या बाजूने साधने गोळा करून देणे, हे कष्टाचे काम आहे आणि त्याची गरज जास्त आहे.

रशियातल्या ‘मेमोरियल’ने नेमके हे कष्टाचे काम केले. स्टालिनच्या काळात मारल्या गेलेल्यांची नावे शोधणारी ही संस्था, पहिले अध्यक्ष आंद्रे साखारोव्ह. दरवर्षी २९ ऑक्टोबरला मॉस्कोत गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोरच्या सोलोव्हेत्स्की शिळेपाशी लोक थंडीत रांग लावत. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळे. नाव, वय, व्यवसाय, गोळी घातल्याची तारीख. तेवढे वाचायचे आणि पुढच्याला जागा द्यायची. भाषण नाही. २८ डिसेंबर २०२१ रोजी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्था बरखास्त केली. पुढच्या वर्षी शांततेच्या नोबेल पारितोषिकात तिला वाटा मिळाला. २०२३ मध्ये तिथल्या अकरावीच्या मुलांना युक्रेनवरच्या युद्धाचे समर्थन करणारे नवे इतिहासाचे पुस्तक मिळाले.

फिनलंडला लागून असलेल्या करेलिया प्रांतातल्या या संस्थेच्या शाखेचे यूरी दिमित्रिएव. १९३७ च्या शरद ऋतूत सोलोव्हेत्स्की बेटांवरच्या तुरुंगातून १,१११ कैद्यांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या, असे कागद सांगत होते. जागा कोणती, हे सांगत नव्हते. गोळ्या घालणाऱ्या अधिकाऱ्याचे जुने जबाब वाचून, अंतरांचा अंदाज बांधत दिमित्रिएव आणि त्यांचे सहकारी १ जुलै १९९७ रोजी सांदारमोखच्या जंगलात पोहोचले. जमीन ठिकठिकाणी चौकोनी खचलेली होती. खणल्यावर कवट्या निघाल्या. तिथे पुरलेल्यांची संख्या सहा हजारांवर जाते. २०१८ मध्ये सरकारच्या आशीर्वादाने चालणाऱ्या एका संस्थेने तिथेच पुन्हा खणायला सुरुवात केली. हे तर फिनिश सैन्याने मारलेले सोव्हिएत युद्धकैदी असावेत, असे त्यांचे म्हणणे. दिमित्रिएव यांना त्याआधी, डिसेंबर २०१६ मध्येच अटक झाली होती, मानवी हक्कांच्या संस्था ज्यांना बनावट मानतात अशा आरोपांखाली. शिक्षा वाढत वाढत पंधरा वर्षांवर गेली.

५ ऑगस्टला सांदारमोखला लोक जमतात. पाइनच्या झाडांमध्ये लाकडी खांब रोवलेले आहेत आणि त्यांवर, झाडांच्या खोडांवरही, छायाचित्रे लावलेली आहेत, खाली नाव आणि दोन साले. ती लावणाऱ्यांपैकी अनेकांना आपला आजोबा कुठे आहे हे साठ वर्षे माहीत नव्हते.